पान एकशे त्रेचाळीस

मित्रांनो, कासारवाडीच्या कामगार वाचनालयात खिडकीकडच्या कपाटात तिसऱ्या फळीवर राहणारी मी एक जुनी कादंबरी आहे. माझं मुखपृष्ठ गेलं त्याला बरीच वर्षं झाली. त्यावर माझं नाव होतं, डोक्याला टोपी बांधलेल्या एका गोऱ्या बाईचं चित्र होतं आणि तिच्या मागे कापडी छताची घोडागाडी होती. आता पहिल्या पानावर वाचनालयाचा निळा शिक्का आणि ४१७ हा आकडा आहे. सगळे मला त्या आकड्यानंच ओळखतात.

माझी गोष्ट मूळची इंग्रजीतली. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पश्चिमेकडे माळरानं तुडवत गेलेल्या लोकांची ती गोष्ट आहे. हन्ना नावाची एक तरुण बाई नवऱ्याबरोबर निघते. वाटेत नवरा तापानं जातो. पुढे तिचं तान्हं मूलही जातं. ते माळावर पुरून तिला तांड्याबरोबर पुढे चालावं लागतं. मग योनास नावाचा, गाड्यांची चाकं दुरुस्त करणारा एक अबोल माणूस हळूहळू तिच्या आयुष्यात येतो, आणि देवावर रुसलेली हन्ना पुन्हा प्रार्थना करू लागते. एका मराठी बाईंनी ही गोष्ट आपल्या भाषेत आणली आणि नगरच्या एका लहानशा छापखान्यात माझ्या पाचशे प्रती निघाल्या. त्यांतल्या बाकीच्या चारशे नव्व्याण्णव आज कुठे आहेत, मला ठाऊक नाही.

मला शालिनी त्रिभुवन यांनी विकत घेतलं. त्या इथल्या एका दवाखान्यात परिचारिका होत्या. ड्यूटीवरून आल्या की पाय गरम पाण्यात सोडून मला वाचत. निवृत्त होऊन गावी जाताना त्यांनी आपली पुस्तकं वाचनालयाला दिली. मला देताना मात्र त्यांनी हात जरा आखडता घेतला. मग म्हणाल्या, "सोपानराव, ही नीट सांभाळा."

सोपानराव आमचे ग्रंथपाल. कंपनीच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं नटबोल्ट मोजलेला माणूस. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक रेघी कागद चिकटवला होता आणि वर लिहिलं होतं, 'वाचकांनी आपले मत द्यावे. शिव्या देऊ नयेत.' मित्रांनो, त्या कागदाला मी फार जपत असे. गोष्ट माझ्यात आधीपासून होती, पण ती वाचून माणसाला काय वाटलं, ते मला त्या कागदावरूनच कळे.

पहिलं मत त्रिभुवनबाईंचं होतं, गावी जाण्याआधी त्यांनी लिहून ठेवलेलं. 'मी ही चार वेळा वाचली. देव माना, न माना. हन्नाचे दुःख खरे आहे.' त्याखाली सोनबा नावाच्या टर्नरनं लिहिलं, 'घोडे आणि गाड्यांची माहिती चांगली. प्रार्थनेची पाने सोडून दिली, तरी गोष्ट कळली.' ताथवड्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या पिंकीनं लिहिलं, 'हिरो २१२ पानांपर्यंत हातसुद्धा धरत नाही. असा कुठे हिरो असतो? तरी खूप आवडला.'

मग एके दिवशी बबनराव आले. ते एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले, वाचनालयाच्या समितीवरचे, शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी मला उभ्या उभ्या चाळलं, दोन ठिकाणी प्रार्थना पाहिली आणि लाल पेनानं लिहिलं, 'हे धर्मप्रसाराचे पुस्तक आहे. आपल्या वाचनालयात कशासाठी?'

त्याखाली कोणीतरी विचारलं, 'आपण पूर्ण वाचले का?'

बबनरावांनी पुन्हा लाल पेनानं उत्तर दिलं, 'आवश्यकता वाटली नाही.'

त्याखाली मोठ्या, वाकड्या अक्षरांत छबूबाईंचं मत आलं. त्या रेल्वेलाइनजवळच्या चाळीत राहतात आणि कामगारांना डबे देतात. 'मला दोन महिने लागले. हळू वाचते. बाई कुठल्याबी मुलखातली असो, तिचं सारखंच असतं.'

त्या लाल अक्षरांनी मला वाईट वाटलं होतं, हे मी लपवत नाही. पण पुढे जे घडलं त्यापुढे ते दुःख काहीच नव्हतं.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात स्वरूपा मला घेऊन गेली. ती छबूबाईंच्याच चाळीत राहायची. वय असेल सव्वीस-सत्तावीस. माहेर-सासर दोन्ही परभणीकडचं. ती चाकणला वायरिंगच्या कारखान्यात कंत्राटी कामाला जायची आणि तिचा नवरा निरंजन भोसरीत मशीनवर होता. दोन महिन्यांपूर्वी, आठव्या महिन्यातच, तिला मुलगी झाली होती. मुलगी जन्मताना रडली नाही. रडलीच नाही.

हे मला कोणी सांगितलं नाही. मी तीन आठवडे त्या घरात होते. पलंगाखाली एक पिशवी होती, तिच्यात दोन झबली आणि एक कुंची होती, आणि स्वरूपा रोज खाली वाकून ती पिशवी आहे ना एवढं बघायची. तिच्या आईचा फोन आला की आई म्हणायची, "जेवतीस ना वेळेवर? मनाला लावून घेऊ नको." निरंजन घरी आला की टीव्ही लावायचा. तो वाईट माणूस नव्हता. भाजीत मीठ नसलं तरी गुपचूप खायचा. पण त्या मुलीबद्दल घरात एक शब्द निघत नसे.

स्वरूपा मला कंपनीच्या बसमध्ये वाचायची. मोशीला तिची मैत्रीण अनिता बसमध्ये चढायची. अनिता तिथल्या जुन्या शेतकरी घरातली, मोकळ्या मनाची.

"काय वाचतीस गं रोज रोज?" तिनं एकदा मला उलटून पाहिलं. "त्येच पान हाय की. कालबी ह्येच व्हतं."

"या बाईचं मूल गेलंय," स्वरूपा म्हणाली.

अनितानं स्वरूपाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू असलं वाचू नगंस, बाय. तरणी हायस अजून. दुसरं व्हईल की."

स्वरूपानं मान हलवली आणि मला मिटलं. अनितानं ते प्रेमानंच म्हटलं होतं. पण मला मिटताना स्वरूपाची बोटं गार पडलेली मला जाणवली.

ते पान होतं एकशे त्रेचाळीस. त्या पानावर हन्ना मुलाला पुरते. जनावरांनी उकरू नये म्हणून वर दगड रचते आणि तांडा निघतो म्हणून गाडीत चढते. एकशे चव्वेचाळिसाव्या पानावर वसंत ऋतू येतो. स्वरूपा एकशे त्रेचाळीस वाचायची, पान उलटायची, वसंत ऋतूची पहिली ओळ वाचायची आणि परत मागे यायची. पुढे पुढे तिनं वाचणंही सोडलं. नुसतं ते पान उघडून बसायची.

एका बुधवारी दुपारी ती कामावर गेली नाही. तिनं घर झाडलं. शेजारणीचा आणलेला मिक्सर परत केला. पलंगाखालची पिशवी काढून कोणाला तरी देऊन टाकली. मग मला समोर घेतलं, शेवटचा रेघी कागद उघडला आणि पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं. ते शब्द अजूनही माझ्यावर आहेत, म्हणून जसेच्या तसे सांगते.

'पान १४३ खरे आहे. पान १४४ खोटे आहे. लेखिकेने फार लवकर वसंत ऋतू आणला. हन्नाला निदान रडायला कोणी बंदी केली नव्हती. माझ्या मुलीचे नाव कोणी एकदाही घेतले नाही. ती नव्हतीच असे सगळे वागतात. मला आता पुढचे काही नको. ज्याचे त्याला परत करत आहे, हे पुस्तकही.'

खाली नाव लिहिलं नाही.

मित्रांनो, त्या शब्दांचा अर्थ मला त्याच क्षणी कळला. संध्याकाळी तिनं मला वाचनालयाच्या टेबलावर ठेवलं. सोपानरावांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू पिकला होता. त्यांनी आकडा नाकाशी धरून वाचला, रजिस्टरात खूण केली आणि विचारलं, "आवडली का?"

"हो," ती म्हणाली.

"दुसरं काही देऊ?"

"नको, काका. आता नको."

ती पायऱ्या उतरून गेली. सोपानरावांनी मला फळीवर ठेवलं. मी ओरडले असते, पण पुस्तकाला तोंड कुठलं? मला वाचावं लागतं. कोणी उघडल्याशिवाय मी एक अक्षर बोलू शकत नाही.

गुरुवारी वाचनालय बंद असतं. तो अख्खा दिवस मी अंधाऱ्या खोलीत उभी होते. बाहेर गाड्या जात होत्या. मुलं खेळत होती. स्वरूपा आत्ता काय करत असेल, एवढाच एक विचार.

शुक्रवारी पिंकी आली. तिनं मला ओळखलं आणि हसत फळीवरून काढलं. मला वाटलं, सुटले. तिनं दोनशे बारावं पान उघडलं. योनास हन्नाचा हात धरतो, तेवढा परिच्छेद तिनं उभ्या उभ्या वाचला. अजून थोडी पुढे जा, पोरी. शेवटी जा. तिनं मला मिटलं आणि जागेवर ठेवून दिलं.

शनिवारी सोपानराव फडक्यानं धूळ झटकत होते. त्यांचा हात लागून मी खाली पडले. मी मनात म्हटलं, आता उताणी पडेन, शेवटचं पान उघडं राहील, कोणाच्या तरी नजरेला येईल. पडले ती पालथी. त्यांनी मला उचलून पाठ थोपटली आणि पुन्हा वर ठेवलं. तीन दिवस झाले होते. मी आयुष्यात इतकी हताश कधी झाले नव्हते. माझ्या पोटात एका जिवंत बाईची हाक होती आणि मी नुसती कागदाची होते.

रविवारी संध्याकाळी समितीची सभा होती. सात माणसं जमली. बबनरावांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिला होता.

"सोपानराव, ते चारशे सतरा आणा," ते म्हणाले. "त्यात लोकांनी काय काय लिहिलंय, तेच सभेला वाचून दाखवतो. म्हणजे माझं म्हणणं पटेल."

त्यांनी मला हातात घेतलं, चष्मा लावला आणि शेवटचा कागद उघडला. त्रिभुवनबाईंचं मत वाचलं. सोनबाचं वाचलं, तेव्हा दोघं-तिघं हसले. स्वतःचं लाल अक्षरातलं ठणकावून वाचलं. छबूबाईंचं वाचलं. मग पेन्सिलीच्या ओळी आल्या.

"पान एकशे त्रेचाळीस खरे आहे," त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज उतरला. 'माझ्या मुलीचे नाव' इथवर आले आणि पुढचं त्यांनी मनात वाचलं.

"हे कोणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"का, काय झालं?" सोपानराव म्हणाले.

"शेवटी हे पुस्तक कोणी नेलं होतं, ते आधी बघा."

सोपानरावांना रजिस्टर दिसेना, म्हणून बबनरावांनीच ओढून घेतलं. नाव सापडलं, चाळीचा पत्ता सापडला. "बुधवारी परत केलंय," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आज रविवार." मग कोणाशी काही न बोलता त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली. मागे सोपानराव बसले. मी बबनरावांच्या काखेत तशीच राहिले होते, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

चाळ दहा मिनिटांवर आहे. ती दहा मिनिटं मी सगळ्यांत वाईट वाट पाहिली. चाळीच्या तोंडाशी छबूबाई डबे घासत होत्या.

"स्वरूपा कुठे राहते?" बबनरावांनी विचारलं.

"शेवटची खोली. का हो?"

"घरात आहे का ती?"

छबूबाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातातला डबा खाली टाकला आणि पुढे धावल्या.

दार आतून बंद होतं. छबूबाईंनी हाक मारली, पुन्हा मारली. आतून काहीच नाही. बबनरावांनी मुठीनं दार वाजवलं. तिसऱ्या खेपेला आतून कडी सरकली.

स्वरूपा उभी होती. केस विंचरलेले, साडी धुतलेली. खोली इतकी आवरलेली होती की तिथे कोणी राहतं असं वाटेना. तिनं बबनरावांच्या काखेत मला पाहिलं आणि खाली बघितलं.

बबनराव आत आले, जमिनीवरच बसले आणि म्हणाले, "पोरी, तुझं मत वाचलं मी. पुस्तक मात्र मी वाचलेलं नाही. न वाचताच त्याच्यावर लिहीत बसलो. ते एकशे त्रेचाळिसावं पान तेवढं मला वाचून दाखवशील का?"

छबूबाईंनी तिला धरून खाली बसवलं. बबनरावांनी मला तिच्या मांडीवर ठेवलं. ते पान आपसूक उघडलं, इतकी मला त्याची सवय झाली होती.

ती वाचू लागली. आवाज कोरडा होता. दगड रचण्याच्या जागी ती थांबली.

"तुझ्या मुलीचं नाव काय ठेवलं होतंस?" बबनरावांनी विचारलं.

स्वरूपानं मान वर केली. मग ती म्हणाली, "मुक्ता. आळंदीला गेलो होतो, तेव्हा ठरवलं होतं. मुलगी झाली तर मुक्ता."

"मुक्ता," सोपानराव म्हणाले.

"मुक्ता," छबूबाई म्हणाल्या. "केस व्हते का गं तिला?"

"खूप होते. काळेभोर. मी बघितले. एकदाच बघितली तिला." आणि मग स्वरूपा रडली. जवळजवळ तीन महिने कोंडलेलं ते रडणं होतं. ऐकवत नव्हतं, मित्रांनो. माझ्या पानांवर तिचे अश्रू पडले आणि त्या जागी शाई पसरली. तो डाग अजून आहे.

तिला एकटं सोडायचं नाही, हे कोणी बोलून ठरवलं नाही. बबनरावांनी घरी फोन केला आणि त्यांच्या पत्नी सुमनताई रिक्षानं आल्या. छबूबाईंनी वरण-भात आणला. निरंजन ओव्हरटाइम संपवून आला, तेव्हा दारात चपलांची गर्दी पाहून तो धावतच आत शिरला. बबनरावांनी त्याला बाहेर नेऊन कागद वाचायला दिला. तो वाचून तिथेच पायरीवर बसला.

आत आल्यावर तो तिला म्हणाला, "मला वाटलं, नाव काढलं तर तू जास्त रडशील. म्हणून मी बोललो नाही गं. मी कंपनीत जाऊन रडायचो."

"मला काय माहीत?" ती म्हणाली.

"नाही ना. मी कुठं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सुमनताई तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. स्वरूपा जायला तयार नव्हती. सुमनताई म्हणाल्या, "ताप आला तर जातेस ना? मग चल." पुढे अनितानंही मोशीहून दोनदा चक्कर टाकली. ती आता दुसऱ्या मुलाचं बोलत नाही. नुसती बसते, शेंगा सोलते.

मित्रांनो, स्वरूपा लगेच बरी झाली, असं मी सांगणार नाही. तसं सांगितलं तर मीही एकशे चव्वेचाळिसाव्या पानासारखं केलं असं होईल. औषधं सुरू आहेत. मधे एक पंधरवडा फार वाईट गेला, असं छबूबाई सोपानरावांना सांगत होत्या. पण ती आहे. परवा खिडकीतून मला ती दिसली. निरंजनच्या मागे गाडीवर बसून भाजी घेऊन चालली होती.

माझ्याविरुद्धचा अर्ज पुढे निघालाच नाही. बबनरावांनी मला घरी नेऊन पंधरा दिवसांत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या कागदावर उरलेल्या शेवटच्या दोन रेघांत त्यांनी निळ्या पेनानं लिहिलं, 'संपूर्ण वाचली. प्रार्थना फार आहेत, हे मत कायम. परंतु पान १४४ बाबत वरील वाचक भगिनींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. लेखिकेने घाई केली.' मला या मताचा राग आला नाही. इतक्या वर्षांत माझ्याविषयी इतकं खरं फार थोड्या लोकांनी लिहिलं आहे.

सोपानरावांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. आता पुस्तक परत आलं की ते आधी शेवटचा कागद वाचतात आणि मग शिक्का उचलतात. आणणाऱ्याला बसवून घेतात. काही लोक वैतागतात, बस चुकते म्हणतात. तरी ते विचारतातच, "कसं वाटलं? नुसतं हो म्हणू नका."

मी आता म्हातारी झाले आहे. माझी शिवण उसवली आहे, कडा पिवळ्या पडल्या आहेत. मला नवीन पुठ्ठा मिळाला तर बरंच वाटेल, पण माझी विनंती वेगळी आहे. पुस्तक परत घेताना पानं फाटली आहेत का ते तुम्ही बघता. तसं आणणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही एकदा बघा. या कपाटांत आम्ही सहाशेजणी आहोत. कोणाच्या शेवटच्या पानावर कोणी काय लिहून ठेवलं आहे, ते आम्हाला एकमेकींनाही सांगता येत नाही. मित्रांनो, आम्हाला उघडत जा.